रंग मारला तरी गंज पुन्हा फुगतो: कारण कुठे शोधायचं, आणि मिठाच्या रस्त्यांवर कोणत्या गाड्या टिकतात

तक्रार नेहमी एकाच चालीची असते. मागच्या चाकाच्या कमानीवर नाहीतर दाराच्या खालच्या कडेला रंगाखाली फोड येतो. गॅरेजमध्ये तो घासून, लांबी (म्हणजे पुट्टी) भरून, रंग मारून मिळतो. दिवाळीला गाडी नव्यासारखी दिसते. पुढच्या श्रावणात त्याच जागी, फार तर बोटभर बाजूला, पुन्हा फोड. पुन्हा रंग, पुन्हा पैसे. शेवटी मालक वैतागून म्हणतात, "पत्राच हलका आहे ओ या गाडीचा."

पत्रा हलका असेलही, पण गंज त्याच जागी परत येण्याचं कारण सहसा ते नसतं. डेंटिंग-पेंटिंगच्या कामात मला जे सतत दिसतं ते असं: गंज आतून सुरू झालेला असतो आणि इलाज बाहेरून चाललेला असतो. बाहेर फोड दिसतो तोवर आतल्या बाजूने पत्रा अर्धा खाल्लेला असतो, आणि त्या बाजूला कुणाचा हात पोचलेलाच नसतो. त्यात तिथे मीठ बसलेलं असेल तर बाहेर कितीही भारी रंग मारा, आतलं काम चालूच राहतं.

सोलापुरात मीठ आलं कुठून?

आपली हवा कोरडी. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, समुद्र शेकडो किलोमीटर लांब. अशा ठिकाणी गाडीला फोड येतात तेव्हा मी आधी नंबर प्लेट बघतो. राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर नंबर बदलत नाही, त्यामुळे गाडी मूळची कुठली ते प्लेटच सांगते. एमएच १३ आपली, एमएच ४५ अकलूजची. पण एमएच ०८ असेल तर रत्नागिरी, ०७ सिंधुदुर्ग, ०६ रायगड, ४८ वसई, ४३ नवी मुंबई आणि ०१ ते ०३ खुद्द मुंबई. मुंबई पासिंगची गाडी स्वस्तात मिळते, सर्व्हिस वेळेवर झालेली असते, एसी थंडगार असतो, म्हणून लोक आनंदाने आणतात. इंजिनाच्या बाबतीत हा हिशोब बऱ्याचदा बरोबर ठरतो. पत्र्याचा हिशोब वेगळा असतो.

समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के मीठ असतं. लाटा फुटताना उडालेले बारीक तुषार वाऱ्यावर आत येतात आणि पत्र्याच्या सांध्यांत, घड्यांत, पोकळ भागांत सुकून बसतात. वरचा रंग धुतला जातो, सांध्यातलं मीठ तसंच राहतं. आणि मिठाचा एक गुण इथे फार महत्त्वाचा आहे. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आपण होऊन विरघळतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतलं मीठ पाझरतं, ते हेच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियमचे क्षारही असतात, ते तर याहून कमी दमटपणातच ओले होतात.

आता हे गाडीला लावून बघा. तुम्ही एप्रिलमध्ये गाडी घेतली. हवा कोरडी, मीठ कोरडं, पत्रा कोरडा. कुठेही काही दिसत नाही. जुलैपासून हवा दमट झाली की सांध्यातलं मीठ ओलं होतं आणि तिथे खारट पाण्याचा पातळ थर तयार होतो. लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात. पाण्यात मीठ असलं की त्यातून वीज सहज वाहते आणि गंजण्याची विद्युत-रासायनिक क्रिया कितीतरी वेगाने चालते. शिवाय मिठातलं क्लोराईड लोखंडावरचा संरक्षक थर टिकू देत नाही. तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो. तोच तुमचा फोड. म्हणून तो श्रावण-भाद्रपदात दिसतो, आणि म्हणून त्याचा दोष मागच्या वर्षीच्या रंगाला देऊन उपयोग नसतो.

पण एमएच १३ च्या, जन्मभर इथेच फिरलेल्या गाड्यांनाही फोड येतात. त्यांचं मीठ घरातलंच असतं.

नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात गाडी नळाच्या पाण्याने कोण धुणार? विजापूर रोड असो, होटगी रोड असो, जुळे सोलापूर असो, गाडी बोअरच्या पाण्याने धुतली जाते. काचेवर सुकल्यावर जे पांढरे ठिपके राहतात, तेच क्षार दाराच्या खालच्या घडीतही साठतात, आणि तिथे ते पुसायला कुणी जात नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराईड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावं असं म्हटलंय. दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात. तुमच्या बोअरचा आकडा माहीत नसेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्या. पेनासारखा टीडीएस मीटर एकूण क्षार दाखवतो, त्यातलं क्लोराईड किती ते त्याला कळत नाही.

याहून वाईट म्हणजे आरओ यंत्रातून बाहेर पडणारं वाया जाणारं पाणी. पाणी वाचवायचं म्हणून लोक ते बादलीत साठवतात आणि त्याने गाडी धुतात. हेतू चांगला आहे, पण पिण्याच्या पाण्यातून काढलेले सगळे क्षार त्या बादलीतच उतरलेले असतात. ते पाणी फरशीला वापरा, संडासात ओता. गाडीला नको.

तिसरी गोष्ट खत. पिकअपच्या हौद्यात किंवा गाडीच्या डिकीत पोटॅशची गोणी नेता, तिच्यातलं म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराईड. रासायनिक दृष्टीने ते मिठाचंच भावंड. आपले द्राक्ष बागायतदार वेलीला क्लोराईड सोसत नाही म्हणून ०-०-५०, म्हणजे बिनक्लोराईडचं सल्फेट पोटॅश, घालतात. जे वेलीला सोसत नाही ते पत्र्यालाही सोसत नाही. १०-२६-२६ च्या गोणीतही हेच पोटॅश असतं. गोणी फाटून डिकीच्या कोपऱ्यात चार दाणे सांडले तर ते झाडून काढा आणि तो कोपरा पाण्याने धुऊन कोरडा करा. दमट हवेत ते दाणे तिथेच पाणी धरून बसतात.

आणि चौथी आपली काळी माती. ती स्वतः खारट असेलच असं नाही, पण चिकट असते आणि पाणी सोडत नाही. ऊस वाहतुकीच्या दिवसांत शिवारातल्या रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या चाकाच्या कमानीत, आतल्या प्लास्टिकच्या मागे, ती ढेकळाने बसते. बाहेरून गाडी चकचकीत धुतलेली असते आणि आत ते ढेकूळ आठवडाभर ओलं असतं.

फोड बाहेरचा की आतला, हे आधी ठरवा

बॉनेटच्या पुढच्या भागावर किंवा दाराच्या मधोमध खडा लागून रंग उडाला आणि तिथे तांबूस ठिपका आला, तर तो बाहेरचा गंज. तो वेळेत घासून प्रायमर आणि रंग लावला की प्रश्न संपतो. त्यावर फार विचार करत बसू नका, फक्त पावसाळ्याआधी करा.

फोड कडेला, सांध्याजवळ किंवा घडीवर आलाय, वरचा रंग फाटलेला नाही, नखाने दाबलं की कुरकुरतो आणि फुटल्यावर आतून तपकिरी पाणी किंवा पापुद्रे निघतात, तर तो आतला. शंका असेल तर एक साधं लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून त्या भागावरून फिरवा. जिथे त्याची पकड सैल पडते तिथे खाली पत्र्याऐवजी लांबीचा जाड थर आहे, म्हणजे आधी कुणीतरी काम करून गेलंय. पुढचं मडगार्ड काही गाड्यांत प्लास्टिकचं असतं, तिथे चुंबक मुळीच चिकटणार नाही, ते लक्षात ठेवा.

मग गाडी रॅम्पवर घ्या. रनिंग बोर्डाचा (दारांखालच्या आडव्या पट्टीचा) खालचा सांधा, फ्लोअरच्या कडा, जॅक लावायच्या जागा, मागच्या सस्पेन्शनच्या बैठका, स्टेपनीचा खड्डा. बोथट स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने हलकं दाबा. चांगला पत्रा दाद देत नाही. सडलेला पत्रा बिस्किटासारखा दबतो. जॅकची जागा मुद्दाम बघा: चुकीच्या ठिकाणी जॅक लावल्याने सांधा वाकतो, सीलरला तडा जातो आणि पाणी आत शिरायला वाट मिळते.

आत बसून पुढच्या डाव्या सीटसमोरची मॅट उचला आणि खालच्या कार्पेटवर तळहात दाबा. ओल लागली तर एसीच्या पाण्याची नळी तुंबलेली असण्याची शक्यता मोठी. ते पाणी बाहेर पडायच्या ऐवजी फ्लोअरवर उतरतं आणि कार्पेटखालच्या फोममध्ये महिनोन्‌महिने राहतं. कडुनिंबाखाली गाडी लावत असाल तर वायपरखालची जाळी काढून बघा. तिथली पानं कुजून पाणी जायची वाट बंद करतात.

दाराचं उदाहरण जरा जवळून सांगतो, कारण सगळा प्रश्न त्यात दिसतो. एक नवी मुंबई पासिंगची छोटी गाडी कामाला आली होती. दाराच्या खालच्या कडेला बाहेरून मसुराएवढे मोजके फोड, बस. आतला ट्रिम काढला तर त्यामागचं प्लास्टिकचं पडदं फाटलेलं; कुणीतरी नवे स्पीकर बसवताना ते फाडलं आणि परत चिकटवलंच नव्हतं. काचेवरून आत उतरणारं पाणी त्या पडद्यामुळे दारातच राहून खालच्या भोकांतून बाहेर पडायचं असतं. इथे ती भोकंही बंद. दाराच्या तळाशी दोन बोटं जाडीचा काळा गाळ, ऐन मार्च महिन्यात हाताला ओला लागत होता, आणि कडेने पांढरी खपली. गाळ खरवडल्यावर सगळ्या घडीभर पिनचं टोक पत्र्यातून आरपार जात होतं. या दाराला बाहेरून हवा तेवढा रंग मारा, पुढच्या पावसाळ्यात ते परत येणारच.

दाराच्या खाली बाहेरच्या पत्र्याची कड आतल्या पत्र्यावर दुमडलेली असते. कारखान्यात सगळी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने प्रायमर चढवतात, तो बहुतेक कानाकोपऱ्यात पोचतो, पण या घट्ट घडीच्या पार आतपर्यंत नेहमी पोचत नाही. म्हणून दाराची, बॉनेटची आणि डिकीची कड सगळ्यात आधी जाते. ती भोकं दरवर्षी जूनच्या आधी मोकळी करा. त्यासाठी प्लास्टिकचा केबल टाय वापरा, तार किंवा स्क्रूड्रायव्हर घातला तर आतला रंग खरवडला जातो आणि नवी जागा तयार होते.

दुरुस्ती: कुठे पैसे घालायचे, कुठे नाही

पापुद्रे सुटेपर्यंत गंज गेला असेल तर रस्ट कन्व्हर्टर लावून भागत नाही. टॅनिक किंवा फॉस्फरिक ॲसिडची ही औषधं पातळ, घट्ट बसलेल्या गंजावर चांगली चालतात. त्याचं काळसर स्थिर थरात रूपांतर करतात आणि त्यावर रंग बसतो. पण जाड पापुद्र्यांच्या खाली ती पोचत नाहीत. तिथे पत्रा चमकेपर्यंत घासायचा. घासताना भोक पडलं तर तो भाग कापून नवा पत्रा लावायचा. कापताना चांगल्या पत्र्यात थोडं आत जाऊन कापा. सडक्या कडेला वेल्डिंग धरत नाही.

आता खरी मेख. सीओटू वेल्डिंग झालं, बाहेरून ग्राइंड केलं, गुळगुळीत दिसलं. पण वेल्डिंगच्या उष्णतेने पत्र्याच्या मागच्या बाजूचा प्रायमर जळून गेलेला असतो. पत्रा जस्ताचा, म्हणजे वर जस्त चढवलेला (गॅल्व्हनाइज्ड) असेल तर जस्तही गेलेलं असतं: जस्त ४१९ अंशांना वितळतं आणि ९०७ अंशांना उकळतं, पोलाद वितळायला त्याहून कितीतरी जास्त तापमान लागतं. म्हणजे नवा टाका जिथे घातला, तिथेच मागची बाजू उघडी पडली. पुढचा गंज टाक्याच्या कडेकडेने सुरू होतो. मालकाला वाटतं गंज सरकला. खरं तर ती बाजू कुणी झाकलीच नव्हती. रंग वाळल्यावर त्या पोकळीत लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स फवारलं नाही, तर ते काम अर्धंच आहे. कॅव्हिटी वॅक्स पातळ असतं, घड्यांमध्ये झिरपतं आणि सुकल्यावरही मऊ राहतं, तडकत नाही. गॅरेजमध्ये गाडी देतानाच विचारा: "आतून वॅक्स मारणार का, आणि कोणत्या भोकातून?" उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरीकडे जा.

जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग करणाऱ्या पोरांसाठी एक सांगणं. तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. शेड बंद ठेवून काम करू नका, मास्क लावा, आणि कामाआधी बॅटरीची वायर काढा.

लांबी थेट उघड्या पत्र्यावर भरायची सवय आपल्याकडे फार आहे. लांबी ओल शोषते. आधी इपॉक्सी प्रायमर, त्यावर लांबी, मग सरफेसर, रंग आणि क्लिअर असा क्रम धरला तर निदान पत्र्याला ओल पोचत नाही. हा एक क्रम पाळला तरी अर्ध्या तक्रारी कमी होतील, असं माझं स्पष्ट मत आहे.

खालून काळं रबरी अंडरकोटिंग मारून घेण्याबद्दल लोक फार विचारतात. नव्या, स्वच्छ, कोरड्या गाडीला ते ठीक. गंज चढलेल्या गाडीला ते मारू नका. थर कडक होऊन सुटतो, मधे पाणी आणि मीठ अडकतं, आणि आत काय चाललंय ते दिसणंही बंद होतं. मारणाऱ्याने पाणी जायची भोकं बुजवली तर नुकसान दुप्पट. जुन्या गाडीला दरवर्षी वॅक्स किंवा लॅनोलिनचा (लोकरीतल्या मेणाचा) मऊ थर बरा.

काही जण जळकं इंजिन ऑईल ब्रशने मारतात, काही सर्व्हिसिंगला डिझेल फवारून घेतात. तेलाने पाणी काही दिवस लांब राहतं हे खरं, पण दोन्हींमुळे रबराचे बुश आणि होजपाइप फुगतात, वर धूळ बसून चिखल होतो, जळक्या तेलात आम्लं असतात आणि ते ठिबकून जमिनीत जातं. आणि बॅटरीला जोडायचं 'गंजरोधक' इलेक्ट्रॉनिक यंत्र घेऊ नका. जहाजाला आणि जमिनीखालच्या पाइपला विजेने गंजापासून वाचवता येतं, कारण भोवती पाणी किंवा ओली माती असते आणि विजेचं वर्तुळ पूर्ण होतं. हवेत उभ्या गाडीला ते वर्तुळच मिळत नाही.

मग कोणती गाडी कमी गंजते?

हा प्रश्न मला दोन बाजूंनी येतो. एक म्हणजे इथे जुनी गाडी शोधणारे. दुसरे म्हणजे सोलापूरची पोरं, जी आता टोरांटो, शिकागो, डेट्रॉइटला आहेत आणि पहिल्या हिवाळ्यात घरी फोन करून विचारतात, इकडे रस्त्यावर मीठ टाकतात, काय घेऊ?

तिथला प्रकार आपल्या कोकणापेक्षा कडक आहे. अमेरिकेत दरवर्षी साधारण २ कोटी टनांच्या घरात मीठ रस्त्यांवर जातं. बर्फ कमी तापमानाला वितळावा म्हणून साधं मीठ, आणि फार थंडी असेल तिथे कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराईडही वापरतात. ही दुसरी दोन फार वाईट, कारण ती सुमारे ३० ते ३५ टक्के आर्द्रतेतही ओली राहतात. म्हणजे गाडी कोरडी दिसते तेव्हाही खालून ओली असते. शिवाय ही क्रिया उबेत जोरात चालते. मीठ लागलेली गाडी न धुता गरम गॅरेजमध्ये लावली तर ती बाहेर गोठलेल्या गाडीपेक्षा लवकर गंजते.

गाडी निवडताना मी तीन गोष्टी बघायला सांगतो: पत्र्यावर जस्त आहे का, चॅसी (बॉडी जिच्यावर बसते तो खालचा पोलादी सांगाडा) वेगळी असेल तर ती कशी आहे, आणि छिद्र पडण्याविरुद्धची वॉरंटी किती वर्षांची आहे. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, त्यामुळे ओरखडा पडला तरी खालचं लोखंड काही काळ वाचतं. पोर्शने १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ९११ ची बॉडी दोन्ही बाजूंनी जस्त चढवलेल्या पत्र्याची केली. ऑडीने १९८५ मध्ये आपल्या '१००' या मॉडेलला आणि पुढे १९८६ मध्ये '८०' या मॉडेलला पूर्ण गॅल्व्हनाइज्ड बॉडी दिली, आणि त्या पिढीच्या ऑडी गाड्या मिठाच्या देशांतही पत्र्याने टिकल्या हे सर्वमान्य आहे. आज बहुतेक चांगल्या कंपन्या जस्ताचा पत्रा वापरतात, फरक किती भागात आणि किती जाडीचा एवढाच. अमेरिकेत ऑडी आणि बीएमडब्ल्यू गंजून छिद्र पडण्याविरुद्ध १२ वर्षांची वॉरंटी देतात, टोयोटा ५ वर्षांची. वॉरंटी म्हणजे टिकण्याची हमी नव्हे, पण कंपनीचा स्वतःच्या पत्र्यावर किती भरवसा आहे ते त्यातून कळतं. फक्त मजकूर नीट वाचा. वॉरंटी पत्र्याला आरपार भोक पडण्याची असते, रंगाखालच्या फोडाची बहुतेकदा नसते.

नावावर जाऊ नका, हे टोयोटाच्याच उदाहरणाने कळेल. टिकाऊपणात तिचं नाव जगभर, तरी टॅकोमा, टुंड्रा आणि सेक्वोया या मोठ्या गाड्यांच्या चॅसी मिठाच्या राज्यांत इतक्या सडल्या की २०१६ मध्ये कंपनीने अमेरिकेत तडजोड केली. तिचा अंदाजे खर्च ३.४ अब्ज डॉलर सांगितला गेला, आणि पात्र गाड्यांच्या चॅसी तपासून बदलून देण्याचं ठरलं. इंजिन ठणठणीत, बॉडी चांगली, आणि चॅसी पोकळ. चॅसीच्या पेटीसारख्या पोकळ भागात खारट चिखल शिरतो आणि बाहेर येत नाही. इथे बोलेरो-स्कॉर्पिओसारख्या चॅसीवरच्या जुन्या गाड्या घेणाऱ्यांनी यातून एवढं घ्यावं: चॅसीच्या भोकांतून मोबाइलचा टॉर्च आत टाकून बघा. बाहेरून काळा रंग ताजा असेल तर जास्तच बघा.

ॲल्युमिनिअमच्या बॉडीला तांबडा गंज येत नाही. फोर्डने २०१५ च्या एफ-१५० पिकअपची बॉडी ॲल्युमिनिअमची केली, चॅसी मात्र पोलादाचीच ठेवली. आणि जिथे पोलादाचा बोल्ट ॲल्युमिनिअमला भिडतो तिथे मीठ लागलं तर ॲल्युमिनिअम पांढऱ्या भुकटीने झिजतं, रंग तिथेही फुगतो. डिलोरियन या जुन्या स्पोर्ट्स कारची बॉडी स्टेनलेस स्टीलची होती, पण तिची चॅसी साध्या पोलादावर इपॉक्सी चढवलेली, आणि ती गंजली. एकच धातू सगळीकडे असलेली गाडी बाजारात नाही, त्यामुळे तपासणी टळत नाही.

माझं मत विचाराल तर परदेशातल्या पोरांनी असं करावं. नवी गाडी घेत असाल तर जस्ताच्या पत्र्याची, चॅसीविरहित बॉडीची साधी सेडान किंवा छोटी एसयूव्ही घ्या आणि पहिल्या हिवाळ्याआधीच पोकळ भागांत वॅक्स किंवा तेलाचा थर मारून घ्या. कॅनडात हे दरवर्षी करून देणारी दुकानं गावोगाव आहेत. हिवाळ्यात तापमान शून्याच्या वर गेलं की गाडी खालून धुवा. जुनी घेत असाल तर कंपनीपेक्षा गाडी आधी कोणत्या राज्यात फिरली ते महत्त्वाचं. ॲरिझोनात वाढलेली सामान्य गाडी मिशिगनमध्ये वाढलेल्या चांगल्या गाडीपेक्षा पत्र्याने सरस निघते. तिथे गाडीचा इतिहास ऑनलाइन मिळतो, तो घ्या.

इथेही नियम तोच. लातूर, धाराशिव, विजयपूरकडची गाडी आणि मुंबईची गाडी सारख्या किमतीला मिळत असेल तर कोरड्या भागातली घ्या. आपल्याकडे पोलो-व्हेंटोच्या काळात गॅल्व्हनाइज्ड बॉडी हा विकण्याचा मुद्दा झाला, आता इतर कंपन्याही तो सांगतात. शोरूममध्ये विचारा: फक्त बाहेरचे पॅनेल, की फ्लोअर आणि रनिंग बोर्डसुद्धा? सांगली-कोल्हापूरकडची गाडी असेल तर २०१९ आणि २०२१ च्या पुराची शंका आधी काढा. सीटखालच्या रुळांचे बोल्ट आणि सीट बेल्टचा पट्टा पूर्ण बाहेर ओढून त्याची खालची टोकं बघा. तिथला गाळाचा डाग धुऊनही जात नाही.

हातातल्या गाडीचं वेळापत्रक फार अवघड नाही. मे महिन्यात दाराची, रनिंग बोर्डाची आणि वायपरखालची भोकं मोकळी करा, चाकाच्या कमानीतलं प्लास्टिक काढून माती काढा, फवारा घडीच्या आतपर्यंत जाईल असा मारा. बोअरनेच धुवायचं असेल तर शेवटचा हात नळाच्या साठवलेल्या पाण्याचा द्या, बादलीभर पुरतं, आणि तो दाराच्या कडांना आणि खालच्या बाजूला आधी द्या. मग कडक उन्हात दारं उघडी टाकून गाडी पूर्ण वाळू द्या. वॅक्स मारायची हीच वेळ: ओल्या घडीत मारलेलं वॅक्स ओल आत कोंडतं, आणि आपल्याकडचं मे महिन्यातलं ऊन ती घडी जशी वाळवतं तशी कुठली भट्टी वाळवणार नाही. कोकणातून आलेल्या गाडीला पहिल्या वर्षी हे दोनदा करा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर.

गंज ब्रेकच्या लोखंडी पाइपवर दिसला तर मात्र घासून रंग मारायच्या फंदात पडू नका. अमेरिकेच्या वाहन-सुरक्षा खात्याने २०१५ मध्ये जुन्या गाड्यांच्या मालकांना याचसाठी इशारा दिला होता, कारण मिठाने पोखरलेला पाइप जोरात ब्रेक दाबताना फुटतो आणि पेडल तळाला जातं. पाइपवर खड्डे किंवा खपल्या असतील, क्लिपखाली तो फुगलेला असेल, तर पूर्ण पाइप बदला. तसंच सस्पेन्शनच्या बैठकीचा आणि सीट बेल्ट जिथे बोल्टने बसतो तिथला पत्रा दबत असेल, तर गाडी हायवेला काढू नका. आधी वेल्डरला दाखवा, बॉडीचे फोड नंतर बघू.